कागदावरची थोरली

मुलाखतीची तारीख आली, असं लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा बारकी इस्त्रीच्या रोलरमधून बाहेर आलेली गरम चादर दोन कोपऱ्यांनी धरून उभी होती. ती "बरं" म्हणाली, फोन ॲप्रनच्या खिशात टाकला, चादरीची घडी घातली आणि मग तिच्या लक्षात आलं, घडी उलटी पडली होती. इस्पितळाच्या धुलाई विभागात तिला एकोणीस वर्षं झाली होती. दिवसाला चारशे चादरी हाताखालून जायच्या. उलटी घडी पडल्याचं तिला तरी आठवत नव्हतं.

बारकी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. माहेरी ती शेंडेफळ, त्यात अंगाने किरकोळ, म्हणून सगळे बारकी म्हणायचे. लग्न झालं, नवऱ्यामागोमाग ती या परक्या देशात आली, लेक झाली, लेक मोठी होऊन चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, चार वर्षांपूर्वी नवरा गेला. एवढं सगळं होऊनही फोनवर माहेरची माणसं बारकीच म्हणत, आणि एकोणसाठाव्या वर्षीही ती त्या हाकेला ओ देई.

नवऱ्याने इथलं नागरिकत्व बावीस वर्षांपूर्वीच घेतलं होतं. तिने घेतलं नव्हतं. कोणी विचारलं की ती सांगायची, काय घाई आहे, इथे राहायचं कार्ड आहे की. खरं कारण वेगळं होतं. नागरिक व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षा म्हटलं की बारकीच्या तळहाताला घाम सुटायचा.

त्याला कारण होती चौथीची इयत्ता. बारकी आणि तिचा मोठा भाऊ, तिचा दादा, एकाच दिवशी एकाच वर्गात बसले होते. दादा भराभर पुढे गेला. बारकीला पाढे पाठ व्हायचे नाहीत, फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत मास्तर फळा पुसून टाकायचे. चौथीत ती नापास झाली. दादा पाचवीत गेला आणि ती त्याच बाकावर राहिली. वडील म्हणाले, हिच्या डोक्यात शिरत नाही, उगाच मास्तरांना त्रास. पुढे ती कशीबशी सातवीपर्यंत रखडली आणि घरी बसली. आपण ढ आहोत हे तिने तेव्हाच मान्य करून टाकलं होतं, जसं एखादी बाई आपल्याला गाता येत नाही हे मान्य करते. त्याचं तिला रोज दुःख व्हायचं असंही नाही. फक्त जिथे प्रश्न विचारतात तिथे ती जायची नाही.

पण यंदा कार्डाचं नूतनीकरण करायला गेली तेव्हा मशीन तिच्या बोटांचे ठसे घेईना. गरम कापड हाताळून हाताळून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. तीन खिडक्या, दोन फेऱ्या आणि एक डॉक्टरचं पत्र, एवढं झाल्यावर कार्ड मिळालं. लेक म्हणाली, "आई, दर पाच वर्षांनी हे करायचंय का तुला? एकदाच काय तो घाम गाळ." बारकीने हो म्हटलं आणि लेकीने त्याच आठवड्यात अर्ज भरून टाकला, आईचं मन बदलायच्या आत.

अभ्यास झाला तो रोलरवर. रोलरच्या दुसऱ्या टोकाला बारकीची जोडीदारीण उभी असायची, ताडमाड उंच, म्हणून बारकीने मनातल्या मनात तिचं नाव लांबडी ठेवलं होतं. लांबडीही परदेशीच, दुसऱ्या कुठल्या तरी देशातली, पण तिने ही परीक्षा केव्हाच दिली होती. शंभर प्रश्नांचं पुस्तक तिने यंत्राच्या झाकणाला चिमट्याने अडकवलं. चादर बाहेर आली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे. पहिल्या घडीला लांबडी प्रश्न विचारायची, जवळ येऊन दुसरी घडी पडेपर्यंत बारकीने उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं तर लांबडी कोपरा सोडायची नाही. सहा आठवड्यांत शंभरच्या शंभर प्रश्न बारकीच्या तोंडी बसले. त्याचं तिला फार नवल वाटलं. तिला वाटलं, चादरींमुळे जमलं असेल.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी लेकीने तिला समोर बसवून एकच गोष्ट दहादा सांगितली: विचारतील तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. बारकीला बोलायला लागलं की थांबता येत नाही हे लेकीला ठाऊक होतं. दुधवाल्याला ती अख्ख्या घराण्याचा इतिहास सांगायची.

सरकारी कचेरीतली ती खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, भिंतीवर घड्याळ. समोर बसलेली अधिकारी बाई चाळिशीची असावी. केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ, बोलणं मुद्दाम सावकाश. तिने आधी बारकीला उभं केलं, हात वर करायला लावला आणि खरं बोलेन अशी शपथ घ्यायला लावली. मग दहा प्रश्न विचारले. बारकीने दहाचे दहा बरोबर सांगितले. एक वाक्य वाचून दाखवलं, एक लिहिलं. बाईने कागदावर खूण केली आणि हसून म्हणाली की तुमच्याइतकी पटापट उत्तरं या आठवड्यात कोणी दिली नाहीत.

इथेच बारकीचा पाय घसरला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी परीक्षेत तिचं कौतुक केलं होतं, त्यामुळे तिचं अंग हलकं झालं आणि जीभ सुटली. बाई आता अर्जाची पानं उलटत किरकोळ चौकशी करत होती. पत्ता तोच का, नोकरी तीच का, देशाबाहेर किती वेळा गेलात. नवऱ्याच्या जाण्याची तारीख आली तेव्हा बाईने दिलगिरी दाखवली आणि विचारलं, तेव्हा तुमच्याजवळ कोणी होतं का. बारकी म्हणाली, लेक होती, शिवाय माझा मोठा भाऊ आला होता, तीन महिने राहिला, त्याने मला वडिलांसारखं सांभाळलं.

बाईने मान हलवली. फाईलमध्ये भावाला बोलावल्याचं पत्र होतं, पासपोर्टची प्रतही होती. तिने ती सहज पाहिली आणि तिचा हात थांबला.

"हाच भाऊ का?"

"हाच."

"तुम्ही मोठा भाऊ म्हणालात."

"हो, मोठाच."

बाईने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "हे तुमच्यापेक्षा अकरा महिन्यांनी लहान आहेत."

बारकी हसली. घरात हा विनोद जुना होता. कागदावर बारकीच थोरली, असं म्हणून दादा तिला वाढदिवसाला वाकून नमस्कार करायचा. वडील सांगायचे, मास्तरांनी घाईत काहीतरी तारीख टाकली, तेव्हा कोण बघत होतं. पासपोर्ट काढायच्या वेळी नवऱ्याने शाळेच्या दाखल्यावरची तीच तारीख लावली आणि ती पुढे सगळीकडे गेली. आता हे सगळं या बाईला सांगायचं की नाही? लेकीचा चेहरा बारकीच्या डोळ्यांसमोर आला. भाऊ लहानच आहे, मी लाडाने मोठा म्हणते, एवढं म्हटलं असतं तरी विषय मिटला असता. पण अर्ध्या तासापूर्वी हात वर केला होता.

"कागदावर तो लहान आहे," ती म्हणाली. "खरं म्हणजे मोठा तोच."

"मग तुम्हा दोघांपैकी एकाची जन्मतारीख खोटी आहे."

"चुकलेली आहे," बारकी म्हणाली. "खोटी नाही."

बाईने पेन खाली ठेवलं. ती रागावली नाही. पण अर्जावर लिहिलेलं सगळं खरं आहे अशी सही मी आता तुमच्याकडून घेऊ शकत नाही, असं तिने सांगितलं. साठ दिवसांच्या आत जन्माच्या नोंदीचा अधिकृत उतारा आणा, मग पुढचं बघू.

बाहेर बाकावर बसलेल्या लेकीने आईचा चेहरा पाहिला आणि विचारलं, नापास झालीस? बारकी म्हणाली, नाही गं, दहापैकी दहा. मग तिने सगळं सांगितलं. लेकीने कपाळाला हात लावला. गाडीत, घराजवळच्या सिग्नलला, तिला राहवलं नाही. ती म्हणाली, दहा प्रश्नांची उत्तरं नीट दिलीस आणि अकरावा कोणी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बारकीने दादाला फोन लावला. दादा एसटीत कंडक्टर होता, निवृत्त होऊन घरी बसला होता. त्याला कामच नव्हतं. नगरपालिकेत जाऊन बहिणीच्या जन्माचा उतारा काढायचा म्हणजे त्याला आनंदच व्हायला हवा होता. तो "बघतो" म्हणाला. आठवड्याने बारकीने विचारलं तेव्हा कारकून रजेवर होता. पुढच्या आठवड्यात जुन्या वह्या दुसऱ्या इमारतीत हलवल्या होत्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात दादाचा गुडघा धरला होता. जो माणूस तीस वर्षं चालत्या गाडीत उभा राहून तिकिटं फाडत होता त्याला गुडघा आडवा यावा, हे बारकीला पटेना.

तेवीस दिवस उलटले. चोविसाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने डबा बाजूला ठेवला, धुतलेल्या ब्लँकेटांच्या गठ्ठ्यावर बसली आणि पुन्हा फोन लावला. दादाने घेतला. ती काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "हे बघ, मी वकिलाला विचारलंय. मी प्रतिज्ञापत्र करून देतो की माझीच तारीख चुकलीय. मी दोन वर्षांनी मोठा आहे म्हणतो. तुझं काम होऊन जाईल."

"तुझी कशी चुकेल? तुझा दाखला दवाखान्यातला आहे."

"कोण बघतंय."

"पेन्शनवाले बघतील. दादा, तू नगरपालिकेत गेलास की नाही?"

दादा म्हणाला, "गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात. उतारा मिळाला."

"मग?"

"तुझ्या नावाचे दोन मिळाले. एक जन्माचा, एक मृत्यूचा."

मग त्याने सांगितलं. मध्ये मध्ये थांबत, पण काही लपवलं नाही. आईला पहिली मुलगी झाली होती. तिच्या पाठीवर अकरा महिन्यांनी दादा. ती मुलगी दोन वर्षं आणि एक महिन्याची असताना तापाने गेली. तेव्हा आईला दिवस होते. पाच महिन्यांनी बारकी जन्मली आणि आईने गेलेल्या मुलीचंच नाव तिला ठेवलं. घरात त्या पहिलीचा विषय कोणी काढायचा नाही असं ठरलं. पुढे आई डाळीच्या गिरणीत कामाला जाऊ लागली तेव्हा घरी पोर सांभाळायला कोणी उरलं नाही. दादाला शाळेत घालायचं होतं, बारकीलाही त्याच्याबरोबर घालावं असं वडिलांनी ठरवलं. पण ती सव्वाचार वर्षांची. मास्तर घेणार नाहीत. वडिलांकडे पहिल्या मुलीच्या जन्माची चिठ्ठी होती. नाव तेच होतं. त्यांनी ती चिठ्ठी दाखवली.

"कागदापेक्षा तू अडीच वर्षांनी लहान आहेस," दादा म्हणाला. "माझ्याहून दीड वर्षाने."

बारकीने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"आईने सांगितलं. शेवटच्या आजारात. बारकीला सांगू नको म्हणाली."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बारकीने हिशेब केला तो त्या अकरा वर्षांचा नव्हता. तिने विचारलं, "म्हणजे चौथीत मी किती वर्षांची होते?"

"सात," दादा म्हणाला. "वर्गातली बाकीची दहा-दहाची होती." मग तो म्हणाला, "मला आठवतं ना. तुझे पाय बाकाखाली लोंबकळायचे."

"आणि तरी सांगितलं नाहीस."

"आता सांगून काय उपयोग, असं वाटलं."

"चिडलेय मी," बारकी म्हणाली.

"किती दिवस?"

"बघू." आणि तिने फोन ठेवला.

सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. डबा तसाच होता. ती उठली आणि कपाटांच्या रांगेतून शेवटच्या खणाशी गेली. तिथे मुलांच्या वॉर्डाचे झगे ठेवलेले असत, कॉलरच्या आत वयाचा आकडा छापलेले. धुवून आले की आकड्याप्रमाणे लावायचे, हे काम तिने हजारदा केलं होतं. तिने चार वर्षांचा एक झगा काढला आणि सात वर्षांचा एक. दोन्ही टेबलावर पसरले. चाराचा झगा तिच्या हातभर लांबीचाही नव्हता. तिने सातावर हात फिरवला आणि मग दहाचा काढून त्याच्यावर ठेवला. साताचा त्याच्याखाली दिसेनासा झाला. वर्गात तिच्या मागे-पुढे ही एवढाली मुलं बसायची, आणि ही एवढीशी पोरगी त्यांच्या बरोबरीने सतराचा पाढा म्हणायला उभी राहायची आणि रडकुंडीला यायची. मास्तर म्हणायचे, घोडी झाली तरी अक्कल नाही.

लांबडी तिला शोधत आली तेव्हा बारकी तीन झग्यांसमोर उभी होती. लांबडीने विचारलं, काही कमी पडतंय का? बारकी नाही म्हणाली. मग, तिला काही समजणार नाही हे ठाऊक असूनही, तिने सांगितलं, "मी ढ नव्हते. लहान होते." लांबडीने तिच्याकडे पाहिलं, तिन्ही झग्यांच्या घड्या घालायला मदत केली आणि दोघी रोलरवर गेल्या. त्या दुपारी बारकी रडली नाही. फक्त तिला मोठ्याने हसावंसं आणि कोणाला तरी मारावंसं एकाच वेळी वाटत होतं, आणि ज्यांना मारावं ती सगळी माणसं गेलेली होती.

लेकीला ऐकून धक्का बसला. तिने आईला जवळ घेतलं, पण रात्रीचं जेवण होईपर्यंत तिचं डोकं पुन्हा कामाला लागलं. ती तिच्या ओळखीच्या एका वकिलाकडे आईला घेऊन गेली. वकील तरुण होता, चटपटीत होता. त्याने सगळं ऐकून सांगितलं की मृत्यूचा उतारा कचेरीत द्यायचाच नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर आणि तारखेवर तुम्ही इतकी वर्षं राहिलात असा त्याचा अर्थ काढला तर नागरिकत्व राहिलं बाजूला, कार्डही जाईल. भाऊ प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहे ना? मग तेच द्या. सोपं आहे, स्वच्छ आहे.

"स्वच्छ कसं?" बारकीने विचारलं. "ते खोटं आहे."

वकील म्हणाला की कचेरीला खऱ्या-खोट्याशी घेणं नसतं, कागद जुळले पाहिजेत.

घरी येताना लेक त्याच्याच बाजूने बोलत राहिली. तिचं चुकत नव्हतं. ती इथेच जन्मलेली, तिला आई सोडून इथे दुसरं कोणी नव्हतं, आणि आईला परत पाठवलं तर, या विचाराने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बारकीने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून तिने आपलं म्हणणं सांगितलं. ते फार लांबलचक नव्हतं. ती म्हणाली, दादाने खोटं लिहून दिलं तर उद्या त्याच्या पेन्शनची चौकशी लागेल, म्हातारपणी मी त्याला त्यात घालणार नाही. दुसरं, मी एकदा त्या बाईसमोर हात वर केलाय, आणि तिथे खरं बोलायला मला फारसं जड गेलं नाही. आणि तिसरं तिने जरा थांबून सांगितलं. "त्या पोरीची चिठ्ठी मी पन्नास वर्षं वापरली. तिच्या नावाने मी नापास झाले, तिच्या तारखेला मी केक खाल्ला. ती गेली हे तरी कुठे लिहिलेलं असू दे. आणि मी कधी जन्मले, तेही."

लेक म्हणाली, "आणि त्यांनी कार्ड काढून घेतलं तर?"

"तर तू मला दादाकडे सोडायला ये. त्याच्याशी भांडायचंच आहे मला."

लेकीला हसू आलं नाही. पण तिने वकिलाला फोन करून नको म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी बारकीने दादाशी अबोला सोडला. तिने त्याला कामच सांगितलं: तिसरी नोंद शोध. तिच्या स्वतःच्या जन्माची. दादाचा गुडघा लगेच बरा झाला. रोज सकाळी तो नगरपालिकेच्या तळघरात जाऊन बसू लागला. बारकीचं नाव कुठेच सापडेना, कारण जन्माच्या वेळी नावच लिहिलेलं नव्हतं. शेवटी वडिलांच्या नावावरून वही लावली तेव्हा पाचव्या दिवशी एक ओळ सापडली. फेब्रुवारी महिना, आईबापाचं नाव, पत्ता, आणि पुढे फक्त दोन रकाने भरलेले. मुलगी. तिसरे अपत्य. दादाने फोनवर ते वाचून दाखवलं तेव्हा त्याचा आवाज चालत्या गाडीत असल्यासारखा हलत होता. तीन उतारे, शिक्के मारून, आणि त्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र त्याने कुरिअरने पाठवलं. प्रतिज्ञापत्रात वकिलाने लिहिलेल्या मजकुराखाली त्याने हाताने एक ओळ जास्तीची घातली होती: हे मला अकरा वर्षांपासून माहीत होते व मी बहिणीला सांगितले नाही.

साठ दिवस संपायला चार दिवस उरले असताना बारकी पुन्हा त्याच खोलीत बसली. बाई तीच होती. या वेळी लेकीलाही आत बसू दिलं, आणि एक दुभाष्याही होता, कारण उतारे भाषांतर करून आणले तरी बाईला मूळ कागद कोणीतरी वाचून दाखवायला हवे होते. दुभाष्याने पहिला उतारा वाचला, दुसरा वाचला आणि तिसऱ्यावर येऊन थांबला. त्याने बारकीकडे पाहिलं, मग आपल्या भाषेत हळूच म्हणाला, "ताई, या हिशेबाने तुम्ही वारल्या आहात." बारकी म्हणाली, "तेच तर सांगायला आलेय."

बाईने बरेच प्रश्न विचारले. वडिलांनी असं का केलं? आई गिरणीत जायची, घरी कोणी नव्हतं. त्यांना हे चूक आहे हे माहीत होतं का? माहीत असणार, पण त्यांना मुलगी शाळेत घालायची होती, देश फसवायचा नव्हता. तुम्हाला कधी कळलं?

"बत्तीस दिवसांपूर्वी," बारकी म्हणाली. "दुपारच्या सुट्टीत."

"आणि तुम्ही हे तिन्ही कागद आणलेत. एक आणला नसता तर चाललं असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

लेकीने खुर्चीत हालचाल केली. बारकी म्हणाली, "सांगितलं."

बाई उठून बाहेर गेली. पाऊण तासाने एका वयस्क साहेबाला घेऊन परत आली. साहेबाने उभ्या उभ्याच कागद चाळले, दादाच्या हाताने लिहिलेली ओळ दुभाष्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि बारकीला विचारलं की भावावर तुमचा राग आहे का. बारकीला हा प्रश्न शंभरात नव्हता हे जाणवलं. ती म्हणाली, होता, आता थोडा उरलाय. साहेबाने मान डोलावली. आज निर्णय होणार नाही, प्रकरण वर पाठवावं लागेल, कळवू, असं सांगून तो गेला. बाईने सगळे कागद एका जाड पाकिटात भरले आणि दारापर्यंत सोडायला आली. निरोप घेताना ती इतकंच म्हणाली, "मला सात वर्षांची मुलगी आहे."

मग वाट बघणं. पाच महिने काहीच आलं नाही. लेक रोज संध्याकाळी पत्रपेटी उघडायची आणि काही न बोलता बंद करायची. बारकीने त्या काळात तीन वेळा सामान आवरायला काढलं आणि तीन वेळा परत लावलं. सहाव्या महिन्यात दोन पत्रं एकदम आली. एकात लिहिलं होतं की सादर केलेल्या पुराव्यावरून अर्जदाराची जन्मतारीख दुरुस्त करण्यात येत आहे आणि जुनी तारीख देण्यात अर्जदाराचा हेतू फसवणुकीचा नव्हता. दुसऱ्यात शपथविधीचा दिवस होता. लेकीने दोन्ही वाचून दाखवली आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून ढसाढसा रडली. बारकीने तिला पाणी दिलं आणि पहिलं पत्र पुन्हा वाचायला लावलं.

शपथविधीला तीन-साडेतीनशे माणसं होती. सगळ्यांनी एकदम हात वर केले, एकदम वाक्यं म्हटली. बारकीला शब्द पाठ होते. बाहेर आल्यावर तिने पायरीवरूनच दादाला फोन लावला. तो म्हणाला, आता तू मला वाकून नमस्कार कर. ती म्हणाली, तू इकडे ये, मग बघू. त्याने जानेवारीत येतो म्हटलं आणि या वेळी दोघांनीही तिकिटाची चौकशी खरोखर केली.

सोमवारी ती नवं प्रमाणपत्र घेऊन इस्पितळाच्या कर्मचारी विभागात गेली, तारीख बदलून घ्यायला. तिथला कारकून पोरगेला आणि फार नम्र होता. त्याने संगणकात नवी तारीख घातली, मग पडद्याकडे बघत राहिला. त्याला कसं सांगावं ते कळेना. शेवटी त्याने सांगितलं की तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होतात, तुमच्या जागी माणूस बघायला सुरुवातही झाली होती, पण आता नियमाप्रमाणे तुमची अडीच वर्षं वाढली.

बारकीने ही गोष्ट विचारातच घेतली नव्हती. मग तिने विचारलं, रोलरवरच राहायचं का, की बदली मागता येते. मागता येते, तो म्हणाला, पण अर्ज करावा लागेल, आणि छोटीशी तोंडी परीक्षा असते. कापडांच्या वर्गवारीची, जंतुनाशकांची वगैरे.

"कधी असते?" बारकीने विचारलं.

त्याने तक्ता बघून सांगितलं, येत्या गुरुवारी. तिने तिथेच उभं राहून अर्ज भरला, जन्मतारखेच्या रकान्यात सावकाश फेब्रुवारीचा दिवस लिहिला, आणि पाळी सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती म्हणून जिन्याने खाली गेली.